दोन इंच सागवान

सागवान हे उत्तम लाकूड आहे आणि दोन इंच जाडीचं सागवान एक इंचाच्या बरोबर दुप्पट उत्तम आहे, हे माझं मत आजही कायम आहे.

अकोल्याच्या आमच्या घरात खालच्या खोल्या लहान, मोठी खोली वर. वर जायला घरातूनच जिना आहे. एका बाजूला भिंत, दुसरी बाजू उघडी. त्यावर मी हौसेने लाल कार्पेट घातलं होतं. उघड्या बाजूने त्याच्या कडा पार उसवल्या होत्या. (मधून चांगलं होतं.) ते मी काढलंही नसतं, पण मध्ये महालक्ष्म्या आल्या.

आमच्या घराण्याच्या महालक्ष्म्या, म्हणजे ज्येष्ठा-कनिष्ठा गौरी, अमरावतीला माझ्या मोठ्या भावाकडे बसतात. एखाद्या वर्षी त्या आपल्याकडे याव्यात, ही माझ्या बायकोची, सुनंदाची, लग्नापासूनची इच्छा. वहिनींकडे दरवर्षी नकाराचं नवं कारण असे. त्या वर्षी कार्पेट होतं, कारण मखर आमच्या वरच्याच खोलीत मावणार होतं.

"दारापासून मखरापर्यंत कुंकवाची पावलं काढा लागतात," वहिनी म्हणाल्या. "तुमच्या त्या गालिच्यावर कशी उमटतीन? लक्ष्मी का पायपुसण्यावरून येईन?"

"गालिचा काढला तं, बाई?" सुनंदानं जावेला विचारलं.

"काढा. मंग एक साल पाहू. पण काही विघ्न आलं, तं पुन्हा नाव काढाचं नाही."

मी त्याच दिवशी कार्पेट उपटलं. खाली निघालेल्या सिमेंटवर लक्ष्मीच काय, मांजरही आलं नसतं. सगळे म्हणाले, फरशी लावा. पण त्या काळात कापसाला भाव उरला नव्हता, सरकी काढायचे जिनिंग कारखाने एकामागून एक बंद पडत होते, आणि गावाबाहेरच्या एका जुन्या जिनिंगचं छप्पर उतरवून विकायला काढलं होतं. त्याच्या सागवानी तुळया मी उचलल्या.

शेजारी कुंपणावरून म्हणाले, "कावून हो, लोकं घराचे पत्रे काढून विकून राहिले अन् तुमी जिन्याले सागवान ठोकून राहिले?"

"म्हणूनच," मी म्हटलं. "सगळेच काढून राहिले. कोणीतरी बसवलं पाहिजे."

कामाला रफिक मिस्त्री होते. मिस्त्री गिऱ्हाइकाला कधी नाही म्हणत नसत. (त्यामुळे त्यांच्याकडे कामं भरपूर आणि दुरुस्त्याही भरपूर.) तुळयांच्या दोन इंची फळ्या पाडल्यावर त्यांनी एक हातात घेऊन सुचवलं, "साहेब, ही मधातून चिरली तं एकीच्या दोन होतीन."

"मिस्त्री, या लाकडानं एवढी वर्षं छप्पर धरलं. आपण त्याला बारीक करायचं?"

"बात तो सही है," मिस्त्री म्हणाले, आणि पूर्ण जाडीची फळी प्रत्येक पायरीवर बसली. उघड्या बाजूला कड थोडी पुढे काढून गोल घासली. मी टेप घेऊन फळीपासून फळीपर्यंत प्रत्येक उंची मोजली. सुताचाही फरक नव्हता.

पहिली पायरी जमिनीपासून सुरू होते आणि शेवटची वरच्या जमिनीवर संपते, त्या दोन जागा मात्र मी मोजल्या नाहीत. मी पायऱ्या मोजत होतो. जमीन मोजायला मला कोणी सांगितलं नव्हतं.

पहिली ठेच स्वतः मिस्त्रींनाच लागली. "नया है," अंगठा धरून ते म्हणाले. संध्याकाळी पुरणाची डाळ घेऊन वर गेलेली सुनंदा खाली आली ती कंबर धरून.

"अहो, वर गेल्यावर पाय खाली पडते."

"वर गेल्यावर पाय खाली कसा पडेल?"

"जमीन पायाच्या आंधी संपते तिथं. नाही तं मंग मागून येते. मले काय मालूम! पण मोडक्या जागी ठेवल्यावानी होते."

"पायाला कार्पेटची सवय आहे." मी टेप लावून दाखवला. "बघ. सगळ्या सारख्या."

"टेपाले जिना चढा लागत नाही," ती म्हणाली. "मले लागते."

महालक्ष्म्या यायच्या दिवशी दुपारी दादा आणि वहिनी आले. मुखवटे शाडूचे, पणजीच्या वेळचे. पडले की संपले. वहिनींनी अमरावतीपासून ती पेटी मांडीवरून उतरवली नव्हती.

सुनंदानं मला स्वयंपाकघरात ओढलं. "बाईले सांगू का, वरच्या पायरीले सांभाळजा म्हणून?"

"विघ्न आहे असं आपणच सांगायचं?"

तिनं कुंकवाची वाटी उचलली. जिन्यावर कुंकवाची पावलं उमटली. (सागवानावर काय शोभत होती!) पुढे ज्येष्ठा घेऊन वहिनी, मागे कनिष्ठा घेऊन सुनंदा, त्यांच्या मागे थाळी वाजवत मी. दादा खाली, गुडघ्यांमुळे.

"महालक्ष्मी कोणत्या पावलानं आली?" मी विचारलं.

"सोन्याच्या... अयाई!" वहिनींचा अंगठा पहिल्या पायरीवर आपटला. "भाऊजी, हे इतकी उंच कावून?"

"सागवान आहे," मी म्हटलं.

मधल्या पायऱ्या त्या राणीसारख्या चढल्या. वर पोचताना त्यांनी सवयीनं पाय उचलला आणि टाकला, तर जमीन दोन इंच खाली! तोल पुढे गेला आणि आमच्या वहिनी, ज्यांना मी आयुष्यात कधी घाईत पाहिलं नव्हतं, ज्येष्ठेला छातीशी धरून पळत सुटल्या. मागोमाग सुनंदा, कनिष्ठेसह. दोघी थेट मखरापाशी जाऊन थांबल्या. मुखवटे शाबूत. मी इतका निश्चिंत झालो की पुढची पायरी माझी आहे हे विसरलो. मी खोलीत आडवा झालो आणि थाळी उघड्या बाजूनं खाली गेली.

"विघ्न आलं का रे?" खालून दादा.

वहिनींनी तोंड उघडलं. तेवढ्यात सुनंदा धापा टाकत म्हणाली, "पायलं का बाई? तुमच्याकडे कशा हळूहळू येतात. इथं धावत आल्या."

वहिनी थबकल्या. लक्ष्मी ठेचकाळली म्हणावं, तर ती त्यांच्याच हातात होती.

"हाव," त्या शेवटी म्हणाल्या. "धावतच आल्या."

"अन् तो कावून पडला?" जिन्याशी येऊन दादा.

"त्यायनं लोटांगण घातलं," सुनंदा म्हणाली.

आंबील-पुरणाचं जेवण झाल्यावर वहिनींनी निर्णय सांगितला: एक साल अमरावती, एक साल अकोला. पाहुणे गेल्यावर मी टेप काढला. खालची पायरी दोन इंच जास्त, वरची दोन इंच कमी. मी प्रामाणिकपणे म्हटलं, मिस्त्रींना बोलावतो, दुरुस्त करू.

"त्या पायरीले हात लावून पाहाजा," सुनंदा म्हणाली.

पुढच्या वर्षी पाळी अमरावतीची होती. सणाच्या आधी दादाचा फोन आला. आवाज दबका.

"तुयी वहिनी म्हणते, अकोल्यात धावत येतात तं इथं कावून चालत येतीन. आमच्या उंबऱ्यापाशी कराचं आहे. ते तुयं किती इंच चुकलं होतं रे?"

"दोन," मी म्हटलं. "आणि तिथल्या मिस्त्रीला सांग, सुताचाही फरक नको."

जन्मभर मी मापं बरोबर घेत आलो. अमरावतीहून फोन करून विचारलेलं माप हे एकच.