बोट टेकायच्या आधी

लेकीकडून करमाळ्याहून परतताना उजनीच्या पाण्यात मला तो भेटतो. मोटारबोट चालवतो. नाव मी कधी विचारलं नाही. पायजमा गुडघ्यापर्यंत दुमडलेला, आणि इंदापूरचा काठ जवळ आला की ओठ असे मिटून घेतो, जणू सुईत दोराच ओवतोय.

परवा काठाला मासळीच्या होड्या दाटीनं लागल्या होत्या. मध्ये आमच्या बोटीपुरती फट. शेजारच्या होडीत एक बाई आमच्या बाजूच्या फळीवर हात टेकून पाठमोरी बसलेली. आणि आमच्या बोटीतली माणसं एसटी स्टँडात शिरल्यासारखी आधीच उठली. मीही उठले. बोट कलली आणि त्या बाईच्या बोटांकडं सरकली.

त्यानं मोटार उलटी फिरवली. "मावशी, हात काढा!" मग आमच्याकडं वळला. "बसा खाली समदी! आजी, तुमी बी. काठ काय पळून जात न्हाय."

मी बसले. नवी नवरी असताना याच काठावर ऐट दाखवायला मी बोट टेकायच्या आधीच उडी मारली होती. माझ्या रेट्यानं बोट गेली मागं. सासरच्या गावानं नवी सून पाहिली ती गुडघाभर चिखलात, शालूसकट.

त्यानं मोटार बंद केली आणि बांबूनं बोट अलगद फटीत घातली. त्या बाईनं बोटं हलवून पाहिली आणि हसली. सगळे उतरले. मी बसूनच.

"आता उतरा की, आजी," त्यानं हात पुढं केला.

"थांब रे," मी म्हटलं, "काठ काय पळून जातोय?"