गुरुसिद्धप्पांची रंगपेटी

भुवनेश्वरी मूळची मैंदर्गीची. कॉलेज झाल्यावर घरच्यांनी पुण्याचा धोशा लावला, पण ही बया सोलापुरातच एक खोली घेऊन चादरींची नक्षी काढायचा प्रोग्राम लिहीत बसली. हट्टाला पेटली की ती कुणाच्या बापाचं ऐकायची नाही, स्वतःच्याही. चिंचोळी एमआयडीसीतले चादर कारखानदार दिग्विजयशेठ यांनी तो प्रोग्राम पहिल्यांदा घेतला, तोही बोलीवर: डिझायनर गुरुसिद्धप्पांनी हो म्हटलं तर ठेवू, नाहीतर जुनाच बरा.

गुरुसिद्धप्पांचा जन्म चादरीवर मोर नाचवण्यात गेलेला. त्यांची तक्रार एकच. रंग निवडायची छोटी खिडकी, म्हणजे रंगपेटी, नक्षीवर क्लिक केलं की नक्षीच्या मागे दडायची. शेवटी कंटाळून, रंग डोळ्यांसमोर राहावेत म्हणून त्यांनी पडद्याच्या कडेला रंगीत सुताचे धागेच चिकटवले. ते बघून भुवनेश्वरीला हसू आलं आणि लाजही वाटली. घाईघाईत तिने रंगपेटी सगळ्या खिडक्यांच्या वर राहील अशी करून टाकली. आगीतून फुफाट्यात पडलो हे तिला दुसऱ्या दिवशी कळलं.

"भुवनव्वा, मशीन गपगार झालं की," फोनवर गुरुसिद्धप्पा म्हणाले. "लग्नाच्या ऑर्डरचा मोर हाय, सकाळपास्नं बसलोय. कुटंबी क्लिक केलं तरी हलंना. प्लग काढू का?"

"काढू नका काका. शेवटचं काय केलं ते सांगा."

"जेवायला निघालो हुतो. बंद करायला फुली दाबली."

घोळ तिच्या लक्षात आला. बंद करताना प्रोग्राम विचारतो, काम सेव्ह करू का? तो प्रश्न रंगपेटीखाली गाडला गेला होता. प्रोग्राम काकांच्या उत्तराची वाट बघत होता आणि काका प्रोग्रामची. एंटर दाबलं की 'हो' असं तिनेच लिहिलं होतं. बहुतेक.

"एंटर दाबा."

"दाबलं. सगळंच गेलं की गं."

"आता परत उघडा."

फोनमधून माउसची टिकटिक ऐकू आली.

"हाय," काका म्हणाले. "पिसाऱ्यासकट हाय."

तिने स्कूटर काढली ती थेट कारखान्यावर. काकांच्या शेजारी उभ्या उभ्याच रंगपेटी नक्षीच्या खिडकीला बांधून टाकली.

"करवलीसारखं केलंय, काका. नवरीला चिकटून राहणार, नवरी आत गेली की हीसुद्धा आत. पण लग्न लावणाऱ्या स्वामींनी नवरीला काही विचारलं तर मधे यायचं नाही."

काकांनी चारदा फुली दाबून बघितली. प्रश्न दरवेळी वर येत होता. तेवढ्यात दिग्विजयशेठ आले.

"दुपारी प्रोग्राम बंद पडला होता म्हणे. मग, जुनाच बसवायचा ना?"

चूक माझीच, असं सांगायला भुवनेश्वरीने तोंड उघडलं. काकांनी मान वर न करताच उत्तर दिलं.

"जुना काढून टाका, सायेब."

"म्हणजे आता काही अडचण नाही?"

"हाय की. ही पोरगी मगाधरनं उभी ऱ्हाऊन काम करतीय. माझ्या शेजारी तिला एक खुर्ची द्या, कायमची."