खेकड्यांना मूठमाती

ज्या खेकड्यांना मी रीतसर मूठमाती दिली, ते सगळे जिवंत होते. त्याआधी तीस वर्षं मी बारामतीच्या एका शाळेत विज्ञान शिकवत होतो. (या दोन गोष्टींचा संबंध कोणी जोडू नये, अशी विनंती आहे.)

निवृत्त होऊन कळसला शेतावर आलो, तेव्हा शालननं, म्हणजे आमच्या सौभाग्यवतींनी, गोठ्यामागच्या हौदात खेकडे पाळले होते. बुधवारी तिच्या बचत गटातल्या बायका ते बघायला येणार होत्या. पसंत पडले तर गट हाच धंदा धरणार, नाहीतर शिलाई मशिनी. आणि शालनला शिवणकामाचा मनापासून तिटकारा!

"मी येईपातूर हौदाला हात लावायचा न्हाय," असं बजावून ती सुप्याला माहेरी गेली. मी हात लावलाच नाही. फक्त खेकड्यांच्या वाढीची पावडर आणली. कॅल्शियम, खनिजं, लसणाचा अर्क, सगळं त्यात होतं. किलोभर खाद्याला एक चमचा, असं दुकानदारानं सांगितलं. पण आम्ही पडलो ऊसवाले! उसाला एक गोणी सांगितली की दोन ओतणार. मी सुकटीच्या चुऱ्यात तीन चमचे कालवले.

मंगळवारी सकाळी बघतो तर हौदाच्या तळाशी खेकडेच खेकडे, पाय पसरून निपचित! काठीनं ढोसलं, एक हलेना.

"काय झालं रं?" वडील बाजेवरून ओरडले.

"तात्या, सगळं गेलं!"

"तुला कुनी सांगितलं व्हतं शानपना करायला?"

शालन दुपारी येणार होती. मी जाळीनं सगळे घमेल्यात काढले आणि लिंबाखाली पुरले. वजनाला फारच हलके लागले. (प्राण गेल्यावर देह हलका होतो, असं तत्त्वज्ञानही सुचलं.) मग विषारी पाणी नको म्हणून हौदाचं बूच उपटलं. पाणी सुसाट उसाच्या सरीत! तेवढं उरकून दुकानदाराला झापायला फोन लावला.

"मास्तर, मेलं न्हाय वो! कवच टाकलंय त्यांनी. वाढ लागली! आता अंगानं मऊ आसतील, हौदात ठेवलेल्या कौलांखाली दडून बसतील. दोन दिस पाणी तेवढं हलवू नका."

म्हणजे लिंबाखाली मी नुसती रिकामी कवचं पुरली होती. कात टाकण्याचा धडा मी तीस वर्षं शिकवला. आकृतीसह!

तेवढ्यात फाटक वाजलं. शालन! तिनं हौद बघितला, सरी बघितली. माझ्याकडं बघितलंच नाही. पदर खोचून बूच ठोकलं.

"मोटार चालू करा! आन् पाण्याबरुबर गेलेलं खेकडं उसात वाकून शोधा. पाय बघून टाका!"

मला स्वतःची मनापासून लाज वाटली. दोन तास आम्ही उसात रांगत होतो. पाचटानं तोंड ओरबाडलं, आणि तात्या बाजेवरून "डावीकडं! डावीकडं!" करत होते. (त्यांना तिथून ऊससुद्धा धड दिसत नव्हता.) नऊ खेकडे सापडले, मळलेल्या कणकेसारखे मऊ. बाकीचे हौदातच कौलांखाली सुखरूप होते.

बुधवारी बायका आल्या. खेकडे चांगलेच थोराड दिसत होते.

"पावडर किती टाकायची गं, शालन?"

"किलोला येक चमचा. आन् घरच्या मालकाला हौदाकडं फिरकू द्यायचं न्हाय."

सगळ्यांनी दोन्ही गोष्टी वहीत लिहून घेतल्या.

आज गावात सात हौद आहेत. खेकडे जोमात वाढतायत, आणि सहा घरचे मालक माझ्याशी बोलत नाहीत. सातवा मीच.