अनिवासी नवऱ्याची सही

मुंबई विमानतळावर न्यायला आलेली गाडी शनिवार पेठेतल्या आमच्या बोळात शिरेना, म्हणून बॅगा ओढत रस्त्यापर्यंत आणाव्या लागल्या. सासूबाईंनी हातावर दही घातलं. माझे मम्मी-पप्पा मार्केट यार्डाहून रिक्षाने आले होते आणि रस्त्याच्या पलीकडे उभे होते, कारण अलीकडची सगळी जागा माझ्या नवऱ्याच्या, सौरभच्या काका-मावश्यांनी आणि शेजाऱ्यांनी भरून टाकली होती. समोरच्या बिल्डिंगमधल्या एका गृहस्थांनी गॅलरीतून विचारलं, "काय, निघाली का मंडळी?" आणि माझे सासरे, आप्पा, खणखणीत आवाजात म्हणाले, "हो, चिरंजीवांना तिकडे नोकरी आहे. सूनबाई सोबत जातायत."

नोकरी मला होती. कंपनी मला परदेशात पाठवत होती. सौरभ पुण्यातली नोकरी सोडून तिकडच्या त्याच शहरातल्या विद्यापीठात पीएचडी करायला चालला होता, आणि त्याच्या पासपोर्टवर विद्यार्थ्याचा व्हिसा होता. हे आप्पांना माहीत होतं, सौरभला माहीत होतं, दह्याची वाटी धरून उभ्या असलेल्या सासूबाईंनाही माहीत होतं. मी तोंड उघडणार एवढ्यात पप्पा रस्ता ओलांडून आले. जन्मभर एका आडत्याच्या गाळ्यावर लिखापढी केलेला माणूस. माझ्या डोक्यावर हात ठेवून ते फक्त एवढंच म्हणाले, "जयभीम बेटा. वाचल्याशिवाय कशावर सही करू नको, आणि वाचल्यावर घाबरू नको."

आमचं लग्न आंतरजातीय. सोप्या शब्दांत सांगायचं तर आमच्या घरी बुद्धवंदना आणि त्यांच्या घरी सोवळ्याचा वेगळा पाट. लग्न रजिस्टर पद्धतीने झालं. आप्पा आले, सही केली, पेढा खाल्ला आणि मला म्हणाले, "आता आलाच आहात तर या." पुण्यात याला स्वागत म्हणतात. मला ते खरंच वाईट वाटलं नव्हतं. निदान तोंडावर बोलले.

इथे आल्यावर घर लागलं ते माझ्या पगारावर आणि सौरभच्या स्वयंपाकावर. तो वर्गात पोरांना शिकवायचा, त्याबद्दल विद्यापीठ थोडे पैसे द्यायचं, संध्याकाळी येऊन तो कुकर लावायचा. मी ऑफिसमधून येईपर्यंत आमटीला फोडणी बसलेली असायची. रविवारच्या व्हिडिओ कॉलच्या आधी मात्र तो ॲप्रन काढून ठेवायचा. मला ते दिसायचं आणि माझं डोकं सणकायचं. सात समुद्र ओलांडले तरी शनिवार पेठेतली गॅलरी काही याच्या मागून हलत नव्हती.

मग आला टॅक्स भरायचा पहिला हंगाम. तुमच्यापैकी जे इकडे आलेत ते ओळखीचं हसतील; जे तिकडे राहिलेत त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. मी कामाच्या व्हिसावर, वर्षातला बहुतेक काळ इथे राहिलेले, म्हणून टॅक्सच्या नजरेत मी रहिवासी. सौरभ विद्यार्थी, म्हणून अनिवासी. एक घर, एक पलंग, एक फ्रीज, आणि त्यातला एक जण सरकारच्या दृष्टीने परका. मला हसूच फुटलं. म्हटलं, सौरभ, आपल्याकडे लग्नानंतर परकी मी होते, इथे नंबर तुझा लागला.

पण यावर एक तोड होती. नवरा-बायकोने दोघांच्या सहीने लिहून द्यायचं, की आम्हा दोघांनाही रहिवासी धरा. मग एकत्र रिटर्न भरता येतं आणि टॅक्सही कमी बसतो. अट एकच, की मग दोघांचंही जगभरातलं उत्पन्न दाखवायचं. सौरभ म्हणाला, "माझं कसलं जगभरातलं उत्पन्न? मी विद्यार्थी आहे." आणि बोलता बोलता तो थांबला. सिंहगड रोडचा फ्लॅट त्याच्या नावावर होता.

हे आपल्याकडेच होऊ शकतं. बाप फ्लॅट घेतो, मुलाच्या नावावर घेतो, भाडेकरू बाप ठेवतो, मुलाच्या नावाच्या खात्यात भाडं जमा होतं आणि ते खातं बापच चालवतो. मुलगा मुखत्यारपत्रावर सही करून मोकळा. फ्लॅट मुलाचा असतो, पण त्याबद्दल मुलाला विचारायचं नसतं. हा तिशी ओलांडलेला, संशोधन करणारा माणूस. आपण घरमालक आहोत हे त्याला परदेशातल्या टॅक्सच्या कायद्याने कळवलं.

रविवारी त्याने आप्पांकडे भाड्याचे कागद मागितले. कशासाठी तेही सांगितलं.  मग आप्पा म्हणाले, "म्हणजे आमच्या फ्लॅटखाली तिची सही येणार?"

"आप्पा, रिटर्न दोघांचं आहे. सही दोघांचीच असते."

"मग वेगळं भरा. तू अनिवासीच बरा आहेस. जास्तीचा टॅक्स बसेल तो मी पाठवतो."

वेगळं भरणंही कायदेशीर होतं. यात कुणी चोरी करायला सांगत नव्हतं, आणि म्हणूनच तो सल्ला सौरभला पटण्यासारखा होता. फोन ठेवल्यावर तो मला समजावू लागला. थोडे पैसे जास्त जातील, पण घरात कटकट नको, आप्पांचं वय झालंय. मी ऐकून घेतलं. मग म्हटलं, "पैशाचं बाजूला ठेव. तुझ्या वडिलांना फ्लॅट आणि मी एका कागदावर नको आहोत. फ्लॅटचं जाऊ दे. तू आणि मी एका कागदावर असणार की नाही, एवढंच तू मला सांग. सांगशील तेव्हा सांग, पण आप्पांना विचारून नको."

त्या आठवड्यात आमच्या घरात फक्त कुकर बोलत होता. मी मुद्दामच मागे हटले नाही. समजूतदार सुना फार झाल्या. त्यांनी समजून घेतलं आणि घरं चालली, हे खरं. पण त्यांच्या नावावर काय राहिलं, हे कुणी विचारलं?

पुढच्या रविवारी फोन मीच उचलला. आप्पांना माझा चेहरा अपेक्षित नव्हता. "सौरभ कुठाय?" म्हणाले.

"भाजी चिरतोय," मी म्हटलं. "आप्पा, तुमचा फ्लॅट मला नको. भाडं तुम्हीच घेता, तुम्हीच घ्या. पण हा नवरा माझा आहे. घरात माझा आणि कागदावर तुमचा, असं मी चालू देणार नाही."

"फार बोलायला लागलात तिकडे जाऊन," आप्पा म्हणाले.

"मी तिथूनच शिकून आले, आप्पा. पुण्यातूनच."

फोन कट. मागे वळले तर सौरभ ॲप्रन घालून दारात उभा. सगळं ऐकलेलं. त्या दिवशी त्याने स्वतः परत व्हिडिओ कॉल लावला, ॲप्रन न काढता. आप्पांनी उचलला नाही. सासूबाईंनी उचलला. त्याच्याकडे नीट बघून त्या म्हणाल्या, "कांदा आहे होय? डोळ्यांवरून वाटलंच." आणि दुसऱ्या दिवशी माझ्या फोनवर भाडेकराराचे आणि पासबुकाचे फोटो आले. खाली त्यांनी लिहिलं होतं, "माझा हात हलतो, वाचता येतंय का बघ. यांना सांगूनच पाठवलेत. रागावलेत. रागावू देत. माझं नाव कुठल्याच कागदावर नाही, तुझं तरी येऊ दे."

ते वाचून मी ऑफिसच्या पार्किंगमध्ये रडले. या बाईला मी इतकी वर्षं आप्पांची सावली समजत होते.

आम्ही एकत्र रिटर्न भरलं. पहिलं नाव माझं, कारण कमाई माझी जास्त; ते सौरभनेच तसं भरलं. भाड्याची रक्कम जिथे दाखवायची तिथे दाखवली. मग दोघांच्या निवेदनावर आधी त्याने सही केली.  पुढे जे झालं त्याचा अंदाज त्याला तेव्हाच होता, असं त्याने नंतर सांगितलं.

आप्पांनी वकील गाठला. फ्लॅट स्वतःच्या नावावर करून मागितला. सौरभने इथल्या भारतीय वकिलातीत जाऊन कागद केले आणि बक्षीसपत्राची सोय करून दिली. वडिलांनी मुलाला दिलेला फ्लॅट मुलाने वडिलांना बक्षीस दिला. आप्पांनी पोच म्हणून एका ओळीचा मेसेज पाठवला: "व्यवहार पूर्ण." तेवढंच. मला वाटलं होतं सौरभ खचेल. तो त्या रात्री पोटभर जेवला आणि गाढ झोपला.

आता पुण्यात आमच्या नावावर काही नाही. शनिवार पेठेतल्या दारावरच्या पाटीवर माझं नाव कधी नव्हतंच. नातेवाईक हळहळतात, म्हणतात, एका सहीसाठी एवढा फ्लॅट घालवलास. मी म्हणते, हो, घालवला. तुम्ही फ्लॅटसाठी काय काय घालवलंत, तेही कधीतरी बसून मोजा.

घर कशाला म्हणायचं, असं मला इकडे आलेली नवी मुलं विचारतात, तेव्हा मी हळवं उत्तर देत नाही. जिथे मी कुणाच्या सोबत आलेली नसते, ते घर. इथलं भाड्याचं असलं तरी ते तसं आहे. आणि पुणं? येत्या डिसेंबरात आम्ही येतोय. सासूबाईंना भेटायला शनिवार पेठेत जाणार, दार आप्पांनी उघडलं तरी जाणार. मग मार्केट यार्डाला मम्मी-पप्पांकडे. मधल्या रस्त्यावर जिथे मनात येईल तिथे थांबून भेळ खाणार. आप्पांना फ्लॅट लखलाभ. पुणं अजून कुणाच्या नावावर झालेलं नाही.