डाव्या हाताचा घास

मी चौथीपर्यंत शिकलो. बाकीचं रेल्वेच्या वर्कशॉपनं शिकवलं. नोकरीसाठी भुसावळहून लखनौला आलो आणि रिटायर झाल्यावरही चारबाग स्टेशनजवळच राहिलो. मूलबाळ नाही. नव्वद सालानंतर दोन-तीन वर्षांत आमच्या हिला लकवा झाला. उजवी बाजू गेली. आणखी एक झालं: इतक्या वर्षांची बोललेली हिंदी पुसली गेली. कळायची सगळी, पण तोंडातून यायची ती मराठीच, तीही अडखळत. म्हणजे बाहेर तिचं बोलणं मीच सांगायचो.

आठ महिने मी तिला भरवलं. लोक म्हणायचे, पुरुष असून करतो बघा. मला ते आवडायचं, खोटं कशाला सांगू. सुरुवातीला एकदा तिनं डावा हात ताटाकडे नेला होता. मी तो उचलून मांडीवर ठेवला. "तो हात जेवायचा नाही," म्हटलं. लहानपणी डाव्या हातानं पोळीला शिवलं तरी आमची आई उलथणं हाणायची. हिनं पुन्हा हात नेला नाही, पण घास कमी घ्यायला लागली. अंग उतरलं. मी म्हणायचो, आजारच तसा आहे.

हॉस्पिटलात रिक्षानं व्यायामाला न्यायचो. तिथं व्यायामाची नवी खोली होणार होती. व्यायाम घेणाऱ्या डॉक्टरीणबाई वयानं लहान, पण पक्क्या. म्हणाल्या, खोलीत काय हवं ते मरीज आणि घरचेच सांगतील. एका दुपारी सगळ्यांना रिकाम्या खोलीत बसवलं आणि हातात खडू घेतला. कुठं काय ठेवायचं ते फरशीवर आखायचं होतं.

मी बोललो. धरून चालायच्या पाइपांची उंची सांगितली, दोन्हीतलं अंतर सांगितलं, वेल्डिंग कुठं तुटेल तेही सांगितलं. बाईंनी लिहून घेतलं.

"और माताजी को क्या चाहिए?"

"इनको चलना है. बस."

"खाना-वाना?"

"वो मैं खिलाता हूँ. अपने हाथ से."

शेजारी मलिहाबादचा एक बागवाला होता. त्याचा भाऊ आंब्यावरून पडून कमरेखाली लुळा झालेला. तो म्हणाला, "चचा, गुस्ताख़ी माफ़, मरीज़ आप हैं कि चाची?"

लोक हसले. हीपण हसली, अर्ध्या तोंडानं.

बाई हिच्यासमोर फरशीवर बसल्या आणि थांबून राहिल्या. मी दोनदा मधे बोलायला गेलो. दोन्ही वेळा त्यांनी माझ्याकडे न बघताच हात वर केला.

"अहो," ही मला म्हणाली. "मला... डाव्या हातानं... जेवायला शिकायचंय. तुमच्या हातचं... गिळवत नाही."

"क्या कहा?" बाईंनी मला विचारलं.

सगळे माझ्याकडे बघत होते. तिथं मराठी कळणारा दुसरा कोणी नव्हता. मी पहिलं वाक्य सांगितलं. दुसरं गिळलं. ही माझ्याकडे बघतच राहिली, नजर काढेना. मग तेही सांगितलं.

या वेळी कोणी हसलं नाही. बाईंनी खिडकीखाली एक चौकोन आखला. इथं जेवायचा चौरंग राहील, उंच काठाच्या थाळ्या ठेवू, म्हणाल्या. बागवाल्यानं मान खाली घातली होती.

रिक्षात तिला धरून बसलो. राग आला नाही, वाईटही वाटलं नाही. आत काही हललंच नाही.

घरी वरणभात कालवला, ताट तिच्या डाव्या अंगाला ठेवलं आणि आत स्वयंपाकघरात जाऊन बसलो. समोर बसवेना. बराच वेळ ताट जमिनीवर वाजत होतं. एकदा जोरात सरकलं. मी उठलो नाही. आवाज थांबल्यावर गेलो. निम्मा भात मांडीवर आणि खाली सांडला होता. उरलेला संपला होता.

"अजून वाढू?"

"हं."

वाढला, आणि परत आत गेलो.