पनवेल, मोरा, भाऊचा धक्का: थर्मासात डुकराची प्लीहा

परवा भाचीने विचारलं, "मावशी, पनवेलहून उरण, तिथून मोरा आणि मग लाँचने मुंबई, हे एका दिवसात होतं का गं?" होतं. मी केलंय. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला, आईचा चहाचा थर्मास छातीशी धरून आणि वाटेत भेटलेल्या प्रत्येकावर चिडत.

तेव्हा मी पनवेलच्या जनावरांच्या दवाखान्यात नवीन डॉक्टर होते. मोऱ्याच्या आग्नेसमावशी, तीस डुकरं पाळणाऱ्या विधवा बाई, यांचा निरोप आला: डुकरं खात नाहीत, अंग तापतं, सात मेली. आमच्या साहेबांनी खुर्चीतून न उठता निदान केलं. "पेनिसिलिन द्या. आणि डुकरांसाठी जीप मिळणार नाही." उरणच्या दवाखान्यातल्या ड्रेसरने तीन दिवस पेनिसिलिन टोचलं. आणखी चार मेली. चौथ्या दिवशी मी सरळ एसटीत बसले.

नव्या बंदराच्या ट्रेलरांनी त्या रस्त्याची पार चाळण केली होती. एक ट्रेलर आडवा झाला होता, त्यामुळे तासाभराच्या वाटेला अडीच तास लागले. उरण स्टँडबाहेरचा चहा मात्र फक्कड, तो चुकवू नका. तिथून रिक्षाने मोरा.

मावशींच्या वाड्यात डुकरं एकमेकांना बिलगून पडली होती. डोळे चिकटलेले, कान जांभळे. उठवलं तर मागचे पाय लटपटत होते. अकरा तेवढी धड दिसत होती. आणि दारात व्यापाऱ्याचा टेम्पो उभा!

"चालतायत तोवर घेतो, मावशी," व्यापारी म्हणत होता. "उद्या मेल्यावर कोण घेणार?"

मी मध्ये पडले. "मावशी, हा डुकरांचा साथीचा ताप वाटतोय. माणसाला होत नाही, पण ही जिथे उतरतील तिथली डुकरं मरतील."

"मंग आमी काय खायाचं?" मावशी उसळल्या. "तुमच्याकडं औषद हाय का?"

"औषध नाही. लस आहे. धड आहेत त्यांना देता येईल."

"कवा?"

"उद्या."

तोंडातून निघून गेलं. मावशींनी माझ्याकडे नीट पाहिलं आणि व्यापाऱ्याला म्हणाल्या, "जा तू. डॉक्टरीनबाई उद्या येतात."

धड अकरा आम्ही पलीकडच्या पडवीत हलवली. हॉटेलातलं उष्टं उकळल्याशिवाय घालायचं नाही, आजाऱ्यांकडून आल्यावर पाय धुतल्याशिवाय तिकडे जायचं नाही, असं मावशींना दोनदा बजावलं. मग त्या चारांतलं, सकाळीच मेलेलं डुक्कर उघडलं. मूत्रपिंडावर टाचणीने टोचल्यासारखे लाल ठिपके, प्लीहेच्या कडा काळ्या. दोन्ही तुकडे पिशवीत बांधले, कोळणींकडून बर्फ मागून घेतला आणि थर्मास भरला.

धक्क्यावर येऊन बघते तर ओहोटी. लाँच दूर पाण्यात, मधे नुसता चिखल.

"कधी सुटणार?"

"पाणी चढलं का," तिकीटवाला म्हणाला.

दोन तास पाणी चढत होतं आणि बर्फ वितळत होता. लाँचमध्ये शेजारच्या बाईने थर्मासाकडे बघून विचारलं, "पापलेटं काय गो?" मी खरं सांगितलं. मग भाऊच्या धक्क्यापर्यंत मला पाय पसरून बसायला भरपूर जागा मिळाली.

मुंबईतल्या प्रयोगशाळेतला कारकून म्हणाला, "पत्र कुठाय? लाखेचं सील कुठाय? अर्ज तीन प्रतींत लागतो." मी तीन प्रती तिथेच उभ्याने लिहिल्या. आतून एक म्हातारे डॉक्टर आले, त्यांनी पिशवी उजेडात धरली. "हा तर डुकरांचा तापच, स्वाइन फीवर. पण लेखी आठ दिवसांनी मिळेल हं." आणि लस? ती पुण्याला, साहेबांच्या सहीच्या पत्रावर.

दुसऱ्या दिवशी साहेब मेहुणीच्या लग्नात. मी मंगल कार्यालयात पोचले, तर मंगलाष्टकं चालू. पंगत उठल्यावर सही मिळाली, ती पण "एवढी काय घाई?" या प्रश्नासकट. आता पुण्याला पोचेपर्यंत तिथलं ऑफिस बंद होणार हे नक्की होतं. म्हणजे मावशींना दिलेला 'उद्या' गेला.

तिसऱ्या दिवशी पहाटेची पुण्याची गाडी, लस घेऊन उलट पावली पनवेल, तिथून उरण. मोऱ्याला पोचले तेव्हा संध्याकाळ होत होती. वाटेत मी फक्त एकच गोष्ट मनात घोळवत होते: वाडा रिकामा असला तर काय बोलायचं?

वाडा रिकामा नव्हता. आजारी आठांतली पाच गेली होती. पडवीतली अकरा जागेवर होती. पाय धुवायची बादली दारात होती आणि चुलीवर उष्टं उकळत होतं.

"त्यो टेम्पोवाला काल दिवसभर हितंच बसून होता," मावशी म्हणाल्या. "मी नाय दिली. तुमी उद्या बोललात ना."

मला मान वर करवेना. एकेक डुक्कर मावशींनी कानाला धरून दाबून ठेवलं आणि मी टोचलं. त्या गडबडीत व्यापाऱ्याने शेजारच्या वाडीतली डुकरं उचलल्याचंही कळलं. पुढच्या आठवड्यात त्याच्याच टेम्पोबरोबर ताप त्या वाडीतही पोचला, तेव्हा मात्र साहेबांनी जीप दिली.

घरी आले तर आईने मागच्या दारीच अडवलं, दोन बादल्या पाणी अंगावर ओतायला लावलं आणि मगच जेवायला वाढलं.

तुम्ही जाणार असाल तर भरती-ओहोटीची वेळ आधी विचारा, एवढाच माझा व्यावहारिक सल्ला. प्रयोगशाळेचा कागद महिन्याने आला: "सील नसल्याने नमुना तपासलेला नाही." साहेबांनी तो फाईलला लावला.

अकरांपैकी नऊ जगली. दोन लस दिल्यानंतर चौथ्या दिवशी मेली. आधीच लागण झालेली असणार, असं पुस्तक सांगतं. आदल्या दिवशी पोचले असते तर? मावशींनी तो प्रश्न कधी विचारला नाही. त्यांनी एकदा तरी विचारायला हवा होता, असं मला अजून वाटतं.