सायप्रसचे पाहुणे आले त्या दिवशी

अल-मीनाच्या बंदरात वदाद खलातला सगळे ओळखत, पण नकूलाची बहीण म्हणून. याचाच तिला संताप यायचा. नकूला म्हणजे कोण मोठा लागून गेला होता? बापानं दोरखंडाचं आणि बोटींच्या रंगाचं चांगलं चालतं दुकान ठेवलं होतं, ते यानं बुडवलं. मग लेबनॉन-सायप्रस मैत्री मंडळ काढलं. अध्यक्ष हाच, चिटणीस हाच, आणि सभासद म्हणजे ज्यांना सायप्रसचा व्हिसा हवा ते.

आणि म्हणे सांस्कृतिक संबंध! आपल्या लेबनॉनमध्ये मुलगा एका धर्माचा नि मुलगी दुसऱ्या धर्माची असली की नोंदणी करून लग्न लावायची सोय नाही. ती बिचारी समुद्र ओलांडून सायप्रसमधल्या लार्नाकाला जातात आणि तिथल्या कचेरीत सह्या करून येतात. नकूला त्यांना विमान, हॉटेल, फुलांचा गुच्छ असं सगळं एकत्र बांधून विकायचा. आर्थिक संबंध म्हणजे तिकडच्या बटाट्यांची चार पोती. एवढ्यावर गडी स्वतःला दोन देशांमधला पूल म्हणवून घ्यायचा.

याच पुलानं वदादचं लग्न मोडलं होतं. तिला बोटी बांधणारा हसीब आवडायचा. हसीब मुसलमान, हे ख्रिस्ती. दुसऱ्यांच्या पोरींना हौसेनं लार्नाकाला पोचवणारा हा, सख्ख्या बहिणीला म्हणाला, "आपल्या घराण्याला शोभतं का हे? लोक तोंडात शेण घालतील." हसीबनं वाट पाहिली आणि शेवटी शेजारच्या त्रिपोली शहरातल्या एकीशी लग्न केलं. वदाद आईपाशी राहिली. आई अंथरुणाला खिळल्यावर तिला भरवणं, पुसणं, कूस बदलून देणं, सगळं हिनंच केलं. नकूला दारातूनच विचारायचा, "काय म्हणतेय आई?" आणि उत्तर यायच्या आत चालता व्हायचा.

तर यंदा सायप्रसला उत्तर लेबनॉनसाठी मानद वाणिज्यदूत नेमायचा होता. पगार दमडीचा नाही, पण दारावर पाटी आणि गाडीवर झेंडा. नकूलाची झोप उडाली. वकिलातीचे साहेब आणि लिमासोलचे काही व्यापारी घरी कॉफीला यायचे ठरले, आणि नेमकी त्याच दिवशी सकाळी आई गेली.

वदाद पाद्रींना बोलवायला निघाली, तर हा टाय बांधत दारात आडवा.

"संध्याकाळपर्यंत गप्प राहा. पाहुणे गेले की चर्चची घंटा वाजवू."

"अरे, आई गेलीय आपली! चार बायका तरी येऊन बसू देत तिच्यापाशी."

"तिला आता कसली घाई आहे? अशी संधी पुन्हा येणार नाही, वदाद. आणि तो काळा झगा आधी उतरव. कॉफीचं बघ."

त्याच्या तोंडावर थुंकावं असं तिला वाटलं. तिनं झगा बदलला खरा, पण डोक्यात आग पेटली होती.

पाहुणे आले, निम्मी गल्ली आली. नकूलानं भाषण सुरू केलं, दोन छोटे देश आणि मोठी मनं, नेहमीचंच डोंबल. आत वदादनं साखरेचा डबा उचलला आणि तसाच परत फळीवर ठेवला. आनंदाची कॉफी गोड आणि मयताची कडू, हे बंदरातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. तिनं पुन्हा काळा झगा चढवला आणि तबक घेऊन बाहेर आली.

साहेबांनी घोट घेऊन मान डोलावली. ते तशीच पीत असावेत. पण शेजारच्या अबू तौफीकनं, जुन्या नावाड्यानं, एकच घोट घेतला आणि वदादकडे वर पाहिलं. कप ठेवून तो उभा राहिला.

"कधी गेल्या गं?"

"सकाळी."

एकेक करून सगळे उठले. "त्यांचं उरलेलं आयुष्य तुम्हा मुलांना लाभो," असं म्हणत सांत्वन करू लागले. बायका आतल्या खोलीत धावल्या, आणि अबू तौफीक घंटा वाजवायला सांगायला स्वतः चर्चकडे गेला.

नकूला पांढराफटक पडला. पण क्षणभरच. कोडगा तो! रुमाल डोळ्यांना लावून त्यानं साहेबांना इंग्रजीत सांगितलं की दोन देशांच्या मैत्रीसाठी आपण सकाळपासून आई गेल्याचं दुःख गिळून उभे आहोत. साहेबांनी त्याला मिठीच मारली.

वदाद पुढे झाली. "साहेब, खोटारडा आहे हा! आईची घंटा वाजू दिली नाही यानं. सकाळपासून तिचं तोंड बघायलासुद्धा आत गेला नाही. याला पाटी पाहिजे, पाटी!"

साहेबांना अरबी येत नव्हतं. "बहीण काय म्हणतायत?" त्यांनी हळूच विचारलं.

नकूला डोळे पुसत म्हणाला, "मी वाणिज्यदूत व्हावं ही आईची शेवटची इच्छा होती, म्हणतेय."

इंग्रजी समजणारे खोलीत कमी नव्हते. दवाखान्यातला डॉक्टर होता. शाळेचा मास्तर होता, त्याला मुलाला सायप्रसला, निकोसियात शिकायला पाठवायचं होतं. वदादनं दोघांकडे पाहिलं. डॉक्टरनं कपात तोंड घातलं, मास्तर भिंतीवरचे झेंडे बघू लागला.

बाहेर घंटा सुरू झाली. साहेबांनी वदादचा हात दोन्ही हातांत घेतला आणि इंग्रजीत काही पुटपुटले.

तेव्हा मात्र मास्तर लगबगीनं पुढे आला. "साहेब म्हणतायत, आईची इच्छा नक्की पूर्ण होईल," त्यानं तिला अगदी शब्दनशब्द अरबीत सांगितलं.